नावे ठेवणारे

गेली दिवाळी आम्ही उभयतांनी अमेरिकेत, चिरंजीवांकडे काढली. गावाचे नाव डी मॉइन. लिहिताना शेवटी एक 'स' असतो, पण तो उच्चारायचा नाही, असे सूनबाईंनी विमानतळावरच बजावले होते. आयोवा राज्याची ही राजधानी. भोवती मैलोगणती मक्याची शेते आणि मधोमध विमा कंपन्यांच्या उंच इमारती. त्यांपैकीच एका इमारतीत चिरंजीव सकाळी आठला शिरतात आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडतात. आमच्या सौ.ने पुण्याहून भाजणी नेली होती, त्यामुळे पहिल्या शनिवारी घरात चकल्यांचा घाणा निघाला. त्याच दिवशी आमचा नातू रोहन कॉलेजातून सुट्टीसाठी घरी आला.

रोहन कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे. म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या संघात. तिकडे त्याला सॉकर म्हणतात, आणि हातात चेंडू घेऊन धावण्याच्या खेळाला फुटबॉल! एरवी हा मुलगा आल्याबरोबर आजीच्या गळ्यात पडतो. त्या दिवशी मात्र गप्प गप्प होता. चकल्यांचे ताट पुढे ठेवले तरी हात घालीना. शेवटी सूनबाईंनी खोदून खोदून विचारले तेव्हा बाहेर पडले. आदल्या दिवशीच्या सामन्यात समोरच्या संघातला एक मुलगा त्याला त्याच्या रंगावरून आणि देशावरून काहीबाही बोलत होता. एकदा नव्हे, चेंडू जवळ आला की प्रत्येक वेळी. काय बोलत होता ते रोहनने आजीसमोर सांगितले नाही.

चिरंजीव म्हणाले, "खेळात असं चालतंच रे. लक्ष विचलित करायला बोलतात. सोडून दे. मी इथे नवीन आलो तेव्हा मीही किती ऐकलं!"

"तू सोडलंस म्हणून त्यानंही सोडायचं का?" सूनबाई म्हणाल्या. "बाबा, आता तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "उद्या बघू." घरातल्या वडीलधाऱ्याने द्यावे असे हे उत्तर नव्हते, हे मला ठाऊक आहे. ते तसे का दिले, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोहनला म्हटले, चल, मला गाव दाखव. तो मला मोटारीने ड्रेक विद्यापीठाच्या क्रीडांगणावर घेऊन गेला. मैदानी शर्यतींसाठी हे क्रीडांगण प्रसिद्ध आहे; धावपट्टी निळी आहे, आपल्याकडे सहसा तांबडी असते. मधल्या हिरव्या मैदानाला एका खेळाडूचे नाव दिले आहे: जॉनी ब्राइट. हा कोण, म्हणून मी विचारले. रोहनने थोडे सांगितले, बाकीचे मी पुढच्या आठवड्यात वाचून काढले. ते वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

जॉनी ब्राइट इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावचा. जन्म १९३०चा, वर्णाने काळा. ड्रेकला शिकायला आला आणि तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्या खेळात, असा चमकला की १९४९ आणि १९५० या दोन्ही वर्षी देशातल्या सगळ्या कॉलेजांत आघाडी मिळवून देण्यात तो पहिला आला. १९५१मध्ये त्याचे शेवटचे वर्ष होते. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला जो बहुमान देतात, त्यासाठी त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ड्रेकचा सामना ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावी, तिथल्या शेतकी व यांत्रिकी कॉलेजशी होता. तोवर त्या हंगामात ड्रेक एकही सामना हरले नव्हते.

ओक्लाहोमात तेव्हा काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या असत. सामन्याच्या आधीच गावात उघड बोलले जात होते की ब्राइट काही सामना संपेपर्यंत मैदानावर राहत नाही. स्थानिक वर्तमानपत्रांतही तसे सूचक लिहून आले होते. सरावाच्या वेळी त्याचा उल्लेख कोणत्या शब्दाने होत असे, त्याच्याही हकिकती पुढे बाहेर आल्या. तो शब्द मी इथे लिहीत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

सामना सुरू झाला. पहिल्या सात मिनिटांत ब्राइट तीनदा बेशुद्ध पडला. तिन्ही वेळा मारणारा एकच, विल्बँक्स स्मिथ नावाचा धिप्पाड खेळाडू. शेवटच्या फटक्याने ब्राइटचा जबडा मोडला. मोडक्या जबड्यानिशी या पठ्ठ्याने एकसष्ट यार्ड चेंडू फेकून आपल्या संघाला गुण मिळवून दिले, आणि मग मात्र त्याला बाहेर जावे लागले. ड्रेक १४ विरुद्ध २७ असे हरले.

एवढ्यावरच हे मिटले असते. 'खेळात लागतंच' म्हणून सगळे आपापल्या घरी गेले असते. पण डी मॉइनच्या 'रजिस्टर' या दैनिकाचे दोन छायाचित्रकार, रॉबिन्सन आणि अल्टँग, गावातली कुजबूज ऐकून कॅमेरे रोखून बसले होते. त्यांना छापखान्याची वेळ गाठायची असल्यामुळे पूर्ण सामना थांबणे शक्य नव्हते. सुरुवातीची काही मिनिटेच त्यांच्या हाती होती, आणि नेमके त्याच मिनिटांत सगळे घडले. दुसऱ्या दिवशी पेपरात छायाचित्रांची मालिका आली. चेंडू ब्राइटने केव्हाच दुसऱ्याला दिला आहे, तो नुसता उभा राहून पुढचा खेळ पाहतो आहे, आणि स्मिथ थेट त्याच्यावर चालून येतो आहे. त्या छायाचित्रांना १९५२चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता कोणालाही वाटेल की एवढा पुरावा असल्यावर शासन झालेच असेल. तर तसे झाले नाही. मारणाऱ्याला ना त्याच्या कॉलेजने शिक्षा केली, ना दोन्ही कॉलेजे ज्या क्रीडामंडळात होती त्या मंडळाने. तेव्हा ड्रेकने काय करावे? मंडळच सोडले! वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी, ठरलेले सामने, त्यावर मिळणारे उत्पन्न, सगळ्यावर पाणी सोडले. ब्रॅडली नावाचे आणखी एक विद्यापीठ, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, तेही ड्रेकच्या पाठोपाठ बाहेर पडले. मला या साऱ्या कथेत ब्रॅडलीचे फार कौतुक वाटते. आपले माणूस दुखावल्यावर कोणीही उठतो. शेजारचा उठला, यात विशेष आहे.

मोठा बहुमान काही ब्राइटला मिळाला नाही. हंगामाचा उरलेला भाग बहुतेक वायाच गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने त्याची अगदी पहिल्या फेरीत निवड केली, पण तो गेला नाही. त्या संघात दक्षिणेकडचे खेळाडू होते. ते आपल्याला कसे वागवतील याची खात्री नव्हती. देशच सोडून तो कॅनडात गेला, तिथे तेरा हंगाम खेळला, एडमंटन संघाकडून सलग तीन वर्षे तिथला मोठा चषक जिंकला, १९५९ साली तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळता खेळता शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक झाला, तिथलाच नागरिक झाला. १९८३ साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. ओक्लाहोमाच्या त्या कॉलेजचे आता मोठे विद्यापीठ झाले आहे. त्याने ड्रेकला लेखी माफी मागितली ती २००५ साली. म्हणजे चोपन्न वर्षांनी! ब्राइट तोवर जाऊन बावीस वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. स्मिथने आपला हेतू वर्णद्वेषाचा होता हे कधीच कबूल केले नाही.

रोहन म्हणाला, "पण आजोबा, मला कोणी मारलं नाही. नुसतं बोलला."

मुलाचे म्हणणे खरे होते. ठोशाचे छायाचित्र निघते, जीभ कोणत्या छायाचित्रात सापडणार? मी त्याला २००७ सालची गोष्ट सांगितली, ती त्याच्या जन्माच्या आसपासची असल्यामुळे त्याला ठाऊक नव्हती. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरला. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिलला, डॉन आयमस नावाच्या नामांकित नभोवाणी-निवेदकाने सकाळच्या कार्यक्रमात हसत हसत त्या मुलींच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून तीन शब्द उच्चारले. संघातल्या दहापैकी आठ मुली काळ्या. हे शब्द मात्र ध्वनिमुद्रित झाले होते. पुढच्या आठवड्यात त्या दहाही जणी आपल्या प्रशिक्षिका व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्यासह पत्रकारांपुढे बसल्या आणि शांतपणे बोलल्या. जाहिरातदार पळाले, आणि आठव्या दिवशी निवेदकाची नोकरी गेली. (ती डिसेंबरात दुसऱ्या केंद्रावर परतही मिळाली, पण ते असो.) मुलींनी त्याला समोरासमोर भेटून माफी स्वीकारली. याच रटगर्समध्ये १९१६ साली पाहुण्या संघाने काळ्या खेळाडूबरोबर खेळायला नकार दिला, म्हणून कॉलेजने आपल्याच एका गुणी खेळाडूला बाहेर बसवले होते. त्याचे नाव पॉल रोबसन. पुढे त्याच्या गाण्याने आमच्या वडिलांच्या पिढीला वेड लावले.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे काळे-गोरे नाही, असे कोणी म्हणू लागला की मला पी. बाळू आठवतात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज. पुण्यात खेळताना त्याला चहा मिळे तो पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. खेळायला चालत होता, चहाला चालत नव्हता!

पण बाळूंच्या आड लपणे बरे नव्हे. आदल्या रात्री मी 'उद्या बघू' का म्हणालो, ते मी रोहनला तिथेच, मोटारीत बसून सांगितले.

१९६८ साली मी इंटरला होतो. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना आमच्या मैदानावर होता. समोर तालुक्याच्या गावचे कॉलेज. त्यांचा एक चढाईपटू विलक्षण चपळ होता. आमचे तीन गडी त्याने एका चढाईत टिपले. वर्णाने अगदी काळा. आम्ही पोरे दोरीपाशी उभे राहून "डांबर! डांबर!" असे ओरडू लागलो. त्याने काहीच होईना. मग आमच्यातला एक जण गुणलेखकाच्या टेबलावरून त्याचे आडनाव वाचून आला, आणि आरडाओरड रंगावरून जातीवर गेली. मीही ओरडत होतो. इतरांपेक्षा कमी नव्हे.

पुढच्या चढाईत तो आमच्या अंगणात शिरला आणि मध्येच थबकून त्याने आमच्याकडे पाहिले. क्षणभरच. तेवढ्यात दम तुटला. पंचांनी त्याला बाद दिले, आणि आम्ही टोप्या उडवल्या. सामना आम्ही जिंकलो.

नंतर नळावर माझी आणि त्याची गाठ पडली. तो हातपाय धूत होता. मला त्याने ओळखले होते. त्याने एकच विचारले, "तुमचं नाव काय?" आवाजात राग नव्हता. 'तुमचं' म्हणाला. मी तोंडाला आले ते कुणाचे तरी नाव सांगितले. "बरं," म्हणाला आणि पंचाने तोंड पुसत निघून गेला. पुढच्या वर्षी त्याचे कॉलेज आले, तो आला नव्हता. का, ते मी कोणाला विचारले नाही.

रोहन बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मग म्हणाला, "त्याचं नाव काय होतं, आजोबा?"

मला ते सांगता आले नाही. त्याचे आडनाव मला आठवत नाही. त्यावरून आम्ही काढलेली जात तेवढी आठवते.

संध्याकाळी रोहनने आपल्या प्रशिक्षकांना पत्र लिहिले. आईने मजकूर सुचवायला सुरुवात केली तेव्हा "मीच लिहितो" म्हणाला. त्या मुलाचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून सदऱ्यावरचा क्रमांक लिहिला, आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहिले. चिरंजीवांनी वाचले आणि काही न बोलता एक व्याकरणाची चूक दुरुस्त केली.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात उत्तर आले. त्या मुलाला दोन सामने बाहेर बसवले होते. सोबत त्याची स्वतःची हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, खाली पूर्ण नावाची सही. रोहनने ती दोनदा वाचली आणि खणात ठेवली.

"मग, केलंस का माफ त्याला?" आमच्या सौ.ने विचारले.

"अजून ठरवलं नाही, आजी," तो म्हणाला. "चकल्या उरल्या आहेत का?"