निदान आधीं, चिकित्सा मागाहून

चारठाण्यास येणारा पाहुणा यादवकालीन देवळें, दगडी दीपमाळ आणि बारव पाहून जातो, आणि या सदरांतहि आम्ही बहुधा त्याच वाटेनें चालतों. या खेपेचा विषय निराळा आहे: स्वयंचलित गिअरच्या डिझेल पिकअप गाडीचें दुखणें. मॅट्रिक झालेल्या व संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तरानें गिअरबॉक्सवर लिहावें याचें कित्येकांस हंसूं येईल. परंतु या दुखण्यानें आमच्या एकत्र कुटुंबांत पंधरा दिवस अबोला राहिला, आणि त्यांत चूक आमची होती. ती कबूल करावी, व दुसऱ्याच्या घरीं तसें होऊं नये, एवढाच हेतु.

स्वयंचलित गिअरच्या पिकअप गाड्या आपल्याकडे थोड्याच. इसुझूच्या व्ही-क्रॉसच्या कांहीं प्रकारांत आणि टोयोटानें २०२२ सालीं भारतांत आणलेल्या हायलक्सच्या कांहीं प्रकारांत असे गिअर आले. आमच्या पुतण्यानें अशीच एक जुनी गाडी शेतमालाकरितां घेतली. तिचें नांव सांगत नाहीं, कारण दोष तिचा नव्हता.

गेल्या कार्तिकांत सोयाबीन भरून तो जालन्यास निघाला. मंठ्याच्या पुढें गाडीची तऱ्हा बदलली. इंजिन ओरडे, पण वेग वाढेना. मध्येंच सारा सांगाडा थरथरे. शेवटीं गिअरबॉक्स तापल्याची सूचना दिसली व त्यानें गाडी कडेला उभी केली. आम्ही जाऊन पोहोंचलों तों शेजारच्या शेतकऱ्यांनीं ट्रॅक्टर व दोरखंड आणला होता. पुतण्या आडवा आला. "काका, दोरी लावूं देऊं नका. हिला अशी ओढतां येत नाहीं." भर उन्हांत चार माणसांदेखत आम्हीं त्यास फटकारलें, "गाडी घेतांना हें शहाणपण कोठें गेलें होतें?" तो कांहीं बोलला नाहीं, पण दोरीहि लावूं दिली नाहीं. पाठीवर गाडी वाहून नेणारें वाहन त्यानें स्वतःच्या पैशानें बोलाविलें.

शहरांतील एका मोटार-कारखान्यांत गाडी नेली. तेथें तेलाचा थेंबहि न पाहतां सांगण्यांत आलें कीं गिअरबॉक्सच नवा बसवावा लागेल; खर्च दोन लाखांच्या घरांत. त्या रात्रीं घरांत दोन तट पडले. धाकटे बंधू म्हणाले, गाडी मोडींत विका. भावजय लेकाची बाजू घेऊन रडली. पुतण्या जेवणावरून उठून गेला.

झोंप येईना म्हणून आम्हीं गाडींतलें माहितीचें पुस्तक काढलें. शाळेंत मुलांस "आधीं मूळ पाठ वाचा" असें जन्मभर बजावलें, पण ही पोथी आम्हीं कधीं उघडलीहि नव्हती. तींत स्पष्ट लिहिलें होतें कीं चाकें जमिनीवर ठेवून गाडी ओढूं नये. कारण पुढें कळलें, तें असें.

साध्या गाडींत चालक क्लच दाबून गिअर बदलतो. स्वयंचलित गाडींत तें काम तेल करतें. इंजिन व गिअर यांच्यामध्यें टॉर्क कन्व्हर्टर नांवाचें बंद भांडें असून त्यांत पात्यांचीं दोन चाकें समोरासमोर असतात. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेंकतें, त्या माऱ्यानें दुसरें फिरतें. त्यामागें दात्यांच्या चाकांचे संच. त्यांतील मधल्या चाकास सूर्य व भोंवतालच्यांस ग्रह अशींच नांवें आहेत. कोणतें चाक धरावें व कोणतें सोडावें हें क्लचच्या चकत्या करतात. त्या चकत्यांस दाबणारेंहि तेलच, आणि त्या तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा संगणकाच्या आज्ञेंत असतात. म्हणजे एकच तेल बळ पोहोंचवितें, दाब देतें, वंगण घालतें आणि उष्णता वाहून नेतें. तें फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असतां गाडी ओढली, तर चाकांबरोबर आंतील भाग फिरतात, पण त्यांस वंगण मिळत नाहीं. अशी दोरीनें ओढलेली गाडी खरोखरच नवा गिअरबॉक्स मागूं शकते. पुतण्याचें बरोबर होतें.

आतां पुढचा प्रश्न रोग ओळखण्याचा. आपल्या वैद्यकांत त्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. माधवनिदानांतहि आरंभीं त्यांचाच विचार आहे. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतण्यास हांक मारली व वहीवर हे पांच रकाने आंखले.

रूप तर दिसलेंच होतें: इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाहीं, म्हणजे चकत्या घसरतात. संथ, एकसारख्या वेगांत थरथर आली, तर बहुधा कन्व्हर्टरमधील क्लच नीट धरीत नाहीं. पूर्वरूप विचारतां पुतण्या म्हणाला, "दोन महिन्यांपासून सकाळीं रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग हलायची." उपशय, म्हणजे कशानें बरें वाटतें? रिकामी व थंड असतां गाडी नीट चाले. ओझें व दुपारचें ऊन एकत्र आलें कीं बिघडे. म्हणजे संशय उष्णतेवर. कारण शोधण्यास पुढची जाळी उघडली. मळणीच्या वेळीं गाडी यंत्राजवळ उभी असे. गिअरचें तेल थंड करणारा कूलर सोयाबीनच्या भुशानें व कापसाच्या तंतूंनीं लिंपला होता. संप्राप्ति आपोआप जुळली: वारा अडला, तेल तापलें, तापून जुनें झालें, चकत्या घसरूं लागल्या, घसरल्यानें आणखी तापलें.

ही वही घेऊन दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें प्रथम बॅटरी व तिच्या तारा तपासल्या, कारण वीज क्षीण असली तर संगणक भलतीच तक्रार सांगतो. मग स्कॅनर लावला. पी ०७०० हा आंकडा आला तर गिअरबॉक्सच्या संगणकाची कांहीं तक्रार आहे, एवढेंच त्यावरून कळतें. खरी तक्रार सोबतच्या दुसऱ्या आंकड्यांत पाहावी, असें त्यानें समजाविलें. हवेची गाळणी, डिझेलची गाळणी व टर्बोच्या नळ्याहि पाहिल्या. इंजिनास बळ नसलें तरी गिअर वेडेवांकडे पडतात, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथीं येतो. शेवटीं तेल. नवें तेल बहुधा तांबडें असतें. तपकिरी झालें तर जुनें. काळें व करपट वासाचें झालें तर चकत्या जळल्या. दुधाळ झालें तर पाणी शिरलें. आमचें तपकिरी होतें, करपलेलें नव्हतें. तळाच्या लोहचुंबकावर बारीक करडा लेप होता, तो स्वाभाविक. धातूचे तुकडे असते तर गिअरबॉक्स उघडावाच लागता. कूलर धुतला, गाळणी बदलली, पुस्तकांत सांगितलेलेंच तेल पुस्तकांत सांगितलेल्या तपमानावर भरलें. थरथर गेली. खर्च पहिल्या अंदाजाच्या दशांशाहूनहि कमी आला.

येथें लेख संपला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. पण घरीं येऊन जमाखर्चाची वही चाळतांना एक ओळ दिसली. गाडी घेतली त्याच महिन्यांत पुतण्यानें लिहिलें होतें, "गिअरचें तेल बदलणें." ती आमच्याच तांबड्या शाईनें खोडलेली होती. विकणारानें "हें तेल जन्मभराचें" म्हटलें व आम्हांस तें सोयीचें वाटलें. जड ओझें, ऊन व धूळ यांत चालणाऱ्या गाडीचें तेल लौकर बदलावें, हें त्याच पुस्तकांत छापलेलें होतें.

त्या संध्याकाळीं सर्व मंडळी पानावर बसल्यावर आम्हीं ती वही पुतण्यापुढें ठेवली आणि सांगितलें, "ही ओळ मीं खोडली. रस्त्यावर तुला बोललों तेंहि चुकलें." तो म्हणाला, "असूं द्या काका, आधीं जेवून घ्या." भावजयीनें त्याच्या पानांत तूप वाढलें.

आतां ती ओळ आम्हीं स्वहस्तें पुन्हा लिहिली आहे, आणि तिच्याखालीं आणखी तीन: मळणीनंतर कूलर धुणें, गाडी पूर्ण थांबल्यावांचून पुढचा-मागचा गिअर न बदलणें, आणि बंद पडल्यास दोरी न लावणें. चौथी ओळ वहींत लिहिली नाहीं, ती आमच्यापुरती आहे: ज्यास यंत्र ठाऊक आहे तो वयानें लहान असला तरी त्याचें आधीं ऐकावें.