तळटिपांना भ्यायचे कशाला?

बेलापूरच्या पंचक्रोशीत सण एकाच घराचा नसतो. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा उरकते न उरकते तोच दिवाळीचे वेध लागतात आणि आकाशकंदील उतरले की नाताळचे तारे चढतात. फराळाचे डबे दोन्ही बाजूंनी जातात-येतात. एवढा घरोबा असूनही शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाविषयी आपण नीट बोलत नाही. बोललोच तर मोबाइलवर आलेल्या मजकुराच्या जिवावर. 'बायबलमध्ये हजारो चुका' असे एकाने पाठवायचे, 'विज्ञानाने बायबलचे अक्षर न् अक्षर सिद्ध केले' असे दुसऱ्याने उलट धाडायचे. ग्रंथ दोघांनीही उघडलेला नसतो. 'ग्रंथ आणि पुरावा' हा यंदाच्या अंकाचा विषय आहे आणि त्याची सुरुवात आम्ही मुद्दाम बायबलपासून करत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. बायबलचा मजकूर वाटेत कोणीतरी मन मानेल तसा बदलला, हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही.

१९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची सात मीटरांहून लांब चामड्याची गुंडाळी मिळाली. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी! पडताळणी झाली. शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ निघाले, शब्दांचेही निघाले, काही जागी ओळी कमी-जास्त होत्या. ग्रंथ मात्र तोच निघाला. याच गुंडाळीतला चाळिसावा अध्याय पाहण्यासारखा आहे. माणसाचे गवतासारखे सुकून जाणे आणि देवाच्या वचनाचे टिकून राहणे जिथे शेजारी शेजारी मांडले आहे, नेमका तिथे लेखकाचा डोळा चुकला. सुकणाऱ्या गवताचा उल्लेख तिथे दोनदा येतो. पहिल्यावरून त्याची नजर दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर राहून गेला. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो ओळीच्या वर आणि समासात उभा लिहून भरून काढला. अक्षर वेगळे, दुरुस्ती उघडी. चूक लपवायची असती तर हा समास कोरा राहिला असता.

यात मराठी वाचकाला नवल वाटायचे कारण नाही. आपल्या प्रवरेच्याच काठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात अपपाठ शिरले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. त्यामुळे ज्ञानेश्वरी खोटी ठरली, असे कोणी म्हणत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, ती पाठभेद पानाखाली छापूनच. बायबलच्या उत्तरार्धाच्या, म्हणजे नव्या कराराच्या, पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितांत लाखो पाठभेद आहेत, हे खरे. प्रती फार म्हणून भेद फार. आणि प्रती फार म्हणूनच चूक पकडताही येते. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली नवव्यापासून विसाव्यापर्यंतची वचने चौथ्या शतकातल्या दोन नामवंत प्रतींत नाहीत. हे आम्हाला टीकाकारांकडून कळायची गरज नाही. आजच्या अनेक बायबलांतच तशी टीप असते.

आपल्याकडे हा वाद कधी तोंड चुकवून झाला नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, आणि त्याचा वृत्तांत त्याच वर्षी छापला तो जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच. पंडिता रमाबाईंचे तर विचारूच नका. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या प्रश्नावर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून हुज्जत घातली. पुढे केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या संस्थेत बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथाचा बचाव म्हणतात तो हा. बाकी गळा काढणे.

आता बचाव करणाऱ्यांनाही दोन शब्द. अश्शूरचा राजा सर्गोन एके काळी यशयाच्या विसाव्या अध्यायाबाहेर जवळजवळ कोणाला माहीत नव्हता. १८४३ पासून इराकात खोर्साबादला त्याचा राजवाडाच वर आला. १९६१ साली कैसरियात येशूला क्रुसाची शिक्षा फर्मावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला. हे दाखले जरूर द्यावेत. पण पिलात होता, यावरून पुनरुत्थान सिद्ध होत नाही. लूकने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माशी जोडलेली, रोमन सुभेदार क्विरिनियच्या वेळची शिरगणती, ज्याच्या कारकिर्दीत येशू जन्मला असे म्हणतात त्या हेरोद राजाच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी झाली, असे इतर साधने सांगतात. तिच्यावर दिली जाणारी स्पष्टीकरणे आम्ही वाचली. एकही पटले नाही. तसे म्हणायला श्रद्धा आड येऊ नये. मजकूर शाबूत असणे, घटना घडलेली असणे आणि शिकवण पटणे हे तीन वेगळे दावे आहेत. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे. दुसऱ्याचा जागोजागी वेगळा. तिसऱ्याचा उत्खननात मिळायचा नाही.

या अंकात टीकाकारांनाही बचावकर्त्यांइतकीच पाने दिली आहेत. लेख पटले नाहीत तर अध्याय आणि वचनाचा आकडा देऊन लिहा. अशी पत्रे न कापता छापू. नुसत्या शिव्या मात्र परत पाठवू.