कोटेशनमधली राहून गेलेली ओळ

मे महिन्यातली नागपूरची दुपार. शेजारच्या तीन मजली घराच्या गच्चीवर सोलर बसवायचं काम चालू होतं. जिना अरुंद आणि वळणाचा, म्हणून पॅनेल बाहेरून दोराने वर ओढत होते. वर दोघं, खाली एक. साडेपाचशे वॉटचं एक पॅनेल म्हणजे सव्वादोन मीटर लांब, मीटरभराहून रुंद आणि वजनाला सत्तावीस-अठ्ठावीस किलो. वाऱ्याची झुळूक आली की ते शिडासारखं फिरायचं आणि वरच्या दोघांच्या तळव्यांतून दोर सरकायचा. सहावं पॅनेल कठड्यावर टेकलं तेव्हा त्यांतला एक जण गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. पाणी देताना मी म्हटलं, जरा बस. तो म्हणाला, "बसलो का मंग उठवत नाही, काका." त्यांना त्याच दिवशी आणखी एक साइट उरकायची होती.

हे एका गच्चीपुरतं नाही. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेला २०२६-२७पर्यंत एक कोटी घरं गाठायची आहेत. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, आणि तीन किलोवॅटच्या संचाला अनुदान ७८,००० रुपये. योजना चांगली आहे, लोकांचं वीजबिल खरोखर उतरतं. पण त्या तीन किलोवॅटसाठी दीडशे किलोंहून जास्त वजनाची पॅनेलं, शिवाय लोखंडी स्ट्रक्चर, इन्व्हर्टर आणि केबल वर चढवावी लागते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र घालून दिलं आहे. ओझं अंगालगत, पायाखाली सपाट जमीन, पकड चांगली, असं सगळं अनुकूल असलं तरी एका माणसासाठी त्या सूत्रातली मर्यादा २३ किलोंची आहे. आपल्या गच्चीवर यातलं काहीच अनुकूल नसतं.

त्यात ऊन. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, हे पॅनेलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि आपण ते मुकाट्याने मान्य करतो. माणूसही तापला की त्याच्या हातून कमी काम होतं, चुका जास्त होतात. हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. विदर्भात पारा पंचेचाळीसवर गेला तरी दिवसाच्या साइटींचा आकडा तोच राहतो.

याची किंमत फक्त तो फिटर मोजत नाही. उजेड आहे तोवर पॅनेलमध्ये वीज असते, ती बटण दाबून बंद करता येत नाही. दुपारी तीनला, दुसऱ्या साइटवर, घामाने निसरड्या झालेल्या बोटांनी बसवलेला कनेक्टर अर्धवट राहिला तर तो सांधा तापत राहतो आणि एखाद्या दिवशी पेट घेतो. ज्या संचाकडून आपण पंचवीस वर्षांची अपेक्षा धरतो, त्याचा प्रत्येक सांधा कुणीतरी थकलेल्या किंवा ताज्या हातांनी आवळलेला असतो.

आणि थकवा अंगापाशी थांबत नाही. रोज कंबरेला मलम चोळून झोपायचं, पहाटे टेम्पोत चढायचं, आठवड्याची सुट्टी नाही. असे महिने गेले की कामावरून मन उडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणावर बोट ठेवलं आहे. म्हणजे दोष माणसाच्या कमकुवतपणाचा नाही, कामाच्या मांडणीचा आहे. काम उक्तं असलं, मजुरी किलोवॅटमागे ठरलेली असली, की विसावा घेणं म्हणजे स्वतःच्या खिशाला कात्री लावणं. कायद्याचा आधारही तोकडाच. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे आणि गच्चीवरची टोळी असते तीन-चार जणांची.

म्हणून सुरुवात कोटेशनपासून व्हायला हवी. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर, केबल अशी प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहिलेली असते. त्यात आणखी एक ओळ यावी: सामान वर चढवण्याची आणि विसाव्याची. कप्पी किंवा छोटा मोटर-हॉइस्ट, एक जास्तीचा माणूस, सावलीसाठी बांधायला हिरवी नेट, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते अकरा आणि पुन्हा चारनंतर. दिवसाला एकच साइट. नव्या मुलाला पहिल्या दिवशी उन्हात पाचव्या हिश्शाइतकंच काम आणि मग रोज थोडं वाढवत नेणं. याचा खर्च व्हेंडरने उघड लिहावा आणि आपण, घरमालकांनी, तो घासाघीस न करता द्यावा. सर्वांत स्वस्त कोटेशन निवडताना आपण कुणाच्या तरी कंबरेवर सवलत मागत असतो.

फिटर मित्रांनाही एक कळकळीचं सांगणं आहे. दुखणं लपवू नका, पॅनेल एकट्याने उचलू नका. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात अडखळणं जाणवलं तर काम तिथेच टाका, सावलीत जा, अंगावर पाणी घ्या, सोबत्याला दवाखान्यात न्यायला सांगा. साइट उद्याही तिथेच असेल.

त्या दिवशी सहाही पॅनेलं बसली तेव्हा गच्चीवर पहिल्यांदा सावली पडली. त्या सावलीत तिघांनी हत्यारं गोळा केली आणि ते निघून गेले. पुढच्या घरी ती सावली काम सुरू होण्याआधी पडायला हवी.