मुफ्तींची सही यंत्राला देऊ नका

बहरीनमध्ये, मनामाच्या एका इस्लामी बँकेत मी शरिया ऑडिट करते. माझं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. सध्या आमच्या क्षेत्रात मुफ्तींचं, म्हणजे शरियानुसार निर्णय (फतवे) देणाऱ्या विद्वानांचं, काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवायची घाई सुरू आहे. जाणकार मुफ्ती मोजके, तेच अनेक बँकांच्या शरिया मंडळांवर, म्हणून निर्णय रखडतात. ही तक्रार खरी आहे, पण हा उपाय मला मान्य नाही.

मुराबहाचंच घ्या. व्याज निषिद्ध, व्यापार चालतो. म्हणून बँक गाडी आधी स्वतः विकत घेते आणि नफा धरून ग्राहकाला हप्त्यांवर विकते. मधल्या काळात गाडीची मालकी बँकेची आणि जोखीमही तिचीच. ही पायरी गाळली की उरतं ते निव्वळ व्याजी कर्ज. मग तो नफा बँकेला ठेवता येत नाही, दानात द्यावा लागतो. पूर्वी आम्ही निवडक फायली काढून तपासायचो. आता सॉफ्टवेअर एकूण एक फाइल चाळतं, बिलाची वेळ कराराच्या वेळेशी ताडून पाहतं. आमच्या नजरेतून सुटलेलं त्याने अनेकदा पकडलंय. मुंबई शेअर बाजारातही २०१० मध्ये शरिया निर्देशांक सुरू झाला. त्यासाठी कंपन्यांची कर्जं आणि व्याजाचं उत्पन्न तपासायचं कामही यंत्राने खुशाल करावं.

पण त्याच सॉफ्टवेअरने एक फाइल बिनदिक्कत पास केली. बिल आधीचं, करार नंतरचा, सह्या जागच्या जागी. माझ्या सहकाऱ्याने ग्राहकाला फोन करून विचारलं, "चावी कधी मिळाली?" तो आठवडाभर आधीपासूनच गाडी चालवत होता! शोरूमशी सौदा त्याने परस्पर उरकला होता, बँकेच्या नावाचं बिल मागाहून फाडलेलं. कागदात हे कुठेच नव्हतं.

फतव्यांचा प्रश्न याहून अवघड. तवर्रुक म्हणजे वस्तू उधारीवर घ्यायची आणि लगेच तिसऱ्याला रोखीने विकून पैसे उभे करायचे. बँकेनेच सगळं जुळवून आणलेला असा व्यवहार आंतरराष्ट्रीय फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये शारजात नाजायज ठरवला. त्याच वर्षी मलेशियाच्या शेअर बाजाराने अशा व्यवहारांसाठी पाम तेलाचा खास मंच सुरू केला, तोही तिथल्या विद्वानांच्या संमतीने. दोन्ही बाजूंचे फतवे वाचलेलं यंत्र कुणाची बाजू घेणार, आणि कशाच्या आधारावर? इस्लामी वित्तसंस्थांची मानकं ठरवणारी 'आयोफी' इथे बहरीनमध्येच आहे. शरिया मंडळावर किमान तीन विद्वान हवेत, असं तिचं मानक सांगतं. त्यांनी आपसांत वाद घालावा, कारणं लिहावीत आणि ग्राहकाने जाब विचारला तर उत्तर द्यावं, हीच माझी अपेक्षा.

बँकेच्या वार्षिक अहवालात शरिया मंडळाचं प्रमाणपत्र छापून येतं. यंत्राने कोणती कामं केली, त्याचे किती निर्णय विद्वानांनी फिरवले आणि का, हे त्या प्रमाणपत्राखालीच छापायची सक्ती नियामकांनी आत्ताच करायला हवी.