बॅकग्राउंड मोजलं का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये जीएम काउंटरचा प्रयोग होता. सोर्स ठेवण्याआधी पाच मिनिटं नुसतं बॅकग्राउंड मोजायचं, म्हणजे समोर काहीच नसताना येणारे काउंट्स. आमच्या बॅचने एक मिनिट मोजलं, वीस आले. पाचाने गुणून शंभर लिहिले आणि थेट कॅन्टीन गाठलं. जर्नल चेक झालं, मार्कही मिळाले. काही नसताना काय मोजायचं, असं तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

त्याचं उत्तर या वर्षी सेमिनारचा विषय शोधताना मिळालं, तेही आकाशात. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे गॅलॅक्सीला दीर्घिका म्हणतात हे मला डिक्शनरीत बघावं लागलं!) बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू प्रचंड तापतो आणि ते केंद्र ‘सक्रिय’ होतं. काही केंद्रं अख्ख्या दीर्घिकेला फिकी पाडतात, पण बरीचशी मंद असतात. साध्या प्रकाशात ती ताऱ्यांच्या उजेडात हरवतात, नाहीतर धुळीआड लपतात. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र धूळ आणि वायू बऱ्याच प्रमाणात भेदून येतात, शिवाय साधे तारे क्ष-किरणांत फारसे चमकत नाहीत. म्हणून मंद केंद्रं शोधायची तर क्ष-किरणांत. आपलं वातावरण हे किरण अडवतं, त्यामुळे दुर्बीण अवकाशातच हवी.

नासाने १९९९ साली अशी दुर्बीण सोडली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून तिचं नाव ‘चंद्रा’. दक्षिण आकाशातल्या, पौर्णिमेच्या चंद्राहून लहान अशा एका तुकड्याकडे तिने १९९९ ते २०१६ या काळात टप्प्याटप्प्याने सुमारे ७० लाख सेकंद पाहिलं. म्हणजे जवळजवळ ८१ दिवस! २०१७ मध्ये त्याची यादी आली. त्यात १००८ स्रोत होते आणि त्यातले साधारण ७० टक्के महाकाय कृष्णविवरं होती.

आता गंमत बघा. यातल्या सर्वांत मंद स्रोतांकडून एवढ्या दिवसांत मोजकेच फोटॉन आले. मग ते खरंच तिथून आले की नुसता नॉइज, हे कसं ठरवायचं? समजा, एका छोट्या वर्तुळात बारा फोटॉन सापडले. तिथे बॅकग्राउंडचे दोनच अपेक्षित असतील, तर तिथे नक्की काहीतरी आहे. दहा अपेक्षित असतील, तर सोडून द्या. फोटॉन तेच बारा, पण निकाल उलटा. सगळा निर्णय ‘काही नसताना’ काय येतं यावर!

आता आमचं जर्नल. मोजणीतली अनिश्चितता वर्गमुळाएवढी असते. पाच मिनिटं मोजून शंभर आले असते तर ती दहा. आम्ही वीसचं वर्गमूळ, साधारण साडेचार, तेही पाचाने गुणलं, म्हणजे बावीसच्या पुढे. आकडा तोच शंभर, पण भरवसा निम्म्याहून कमी.

होस्टेलवर हे सांगितलं तर रूममेट म्हणाली, “अगं, जर्नल काय नासाला पाठवायचंय?” नाही पाठवायचं. पण उद्या कुणी बेअरिंगचं व्हायब्रेशन तपासेल, कुणी ईसीजीचं सर्किट बनवेल. तिथेही बिघाडाची पहिली खूण अशीच मंद असते. ‘एवढं काय त्यात’ म्हणायची सवय तोवर अंगात मुरलेली असेल.

दोष फक्त आमचा नाही. दोन तासांत एका सेटअपवर चार ग्रुप, आणि मार्क ‘बरोबर’ उत्तराला. मग सीनियरची फाइल छापणंच शहाणपणाचं ठरतं. सरांना आणि मॅडमना विनंती, की प्रयोग दोन कमी ठेवा, पण पूर्ण वेळ द्या. उत्तर चुकलं तरी खऱ्या रीडिंगला आणि मांडलेल्या एररला मार्क द्या. आणि मित्रांनो, आपणही ती पाच मिनिटं बसूया. कॅन्टीन कुठे पळून जात नाही!