संपादक नसलेली पुस्तके

स्वित्झर्लंडची व्रेनी श्नायडर ही स्कीइंगमधली फार मोठी खेळाडू. १९८८च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन आणि १९९४च्या लिलेहामरमध्ये एक अशी तीन सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत. काही वर्षांपूर्वी तिच्या नावाचे एक इंग्रजी पुस्तक ऑनलाइन दुकानांत विक्रीला आले. शीर्षकात तिच्या नावापुढे ऑस्ट्रियाची आनेमारी मोझर-प्रोल, स्कीइंगचा विश्वचषक, हिवाळी ऑलिंपिक, स्लॅलम, जायंट स्लॅलम अशी विषयांची रांग होती आणि रांगेच्या शेवटी ‘हाफ मॅन हाफ बिस्किट’. हा इंग्लंडमधला एक रॉक बँड. त्याचा बर्फाशी काडीचा संबंध नाही. त्यांच्या एका गाण्यात व्रेनीचे नाव येते, एवढाच काय तो धागा. विकिपीडियावरच्या लेखातल्या निळ्या दुव्यांवरून पुढचे लेख उचलत गेलेल्या यंत्रणेने बँडही उचलला आणि थेट शीर्षकात बसवला. छपाईआधी एका माणसाने ते शीर्षक नुसते वाचले असते, तरी हे टळले असते.

जर्मनीतल्या झारब्र्युकेन शहरात तेव्हा मुख्यालय असलेल्या ‘व्हीडीएम’ या प्रकाशनगटाची ही निर्मिती. २००९च्या सुमारास या गटाने ‘अल्फास्क्रिप्ट’ आणि ‘बीटास्क्रिप्ट’ या नावांनी विकिपीडियाच्या लेखांची पुस्तके काढायचा सपाटा लावला. पत्ता मॉरिशसमधल्या बो-बासाँ गावचा. हजारो मुखपृष्ठांवर संपादक म्हणून आलटूनपालटून तीच ठरावीक मोजकी नावे. विषयाला काही बंधन नव्हते: रसायनशास्त्र, युद्धे, रेल्वे स्थानके, फुटबॉलपटू, काहीही. शंभर पानांच्या आसपासच्या पुस्तकाला चाळीस-पन्नास डॉलर मोजावे लागत. अमेरिकेत मेम्फिसच्या ‘बुक्स एलएलसी’ने हाच धंदा आणखी मोठ्या प्रमाणावर केला. भारतातल्या ऑनलाइन दुकानांच्या याद्यांतही ही पुस्तके दिसत आली आहेत.

हे परवडते कसे, ते समजून घेतले पाहिजे. पूर्वी प्रकाशक हजार प्रती छापायचा, गोदामात ठेवायचा आणि खपल्या नाहीत तर रद्दीत काढायचा. त्या भीतीपोटी छापण्याआधी तो दहा वेळा विचार करी. मागणीनुसार छपाईच्या तंत्रात ही भीतीच उरली नाही. पुस्तक म्हणजे संगणकावरची एक फाइल. ग्राहकाने पैसे भरले की एक प्रत छापायची, बांधायची आणि पाठवायची. लेखकाला मानधन नाही, संपादक नाही, मुद्रितशोधक नाही, त्यामुळे दहा हजार शीर्षके यादीत टाकून त्यातल्या थोड्यांची एकेक प्रत जरी खपली तरी नफाच. पुस्तक वाईट निघाले तर प्रकाशकाचे काहीच बुडत नाही. बुडतात ते घेणाऱ्याचे पैसे.

कायद्याने यात चोरी नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. २००९च्या जूनपर्यंत तो जीएनयूच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखाली होता, त्यानंतर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली आला. कोणीही तो घ्यावा, बदलावा, छापावा आणि विकावाही. अटी दोनच: लिहिणाऱ्यांना श्रेय द्यायचे आणि आपण केलेले पुस्तकही त्याच परवान्याखाली इतरांना मोकळे ठेवायचे. ज्ञान अडवून ठेवायचे नाही, या विचारातून ही सूट दिली गेली आणि ती योग्यच आहे. या पुस्तकांच्या माहितीत मजकूर मुख्यतः विकिपीडियातला असल्याचे सांगणारी ओळ असायची. पण ती वर्णनाच्या गर्दीत किंवा आतल्या पानांत. ग्राहकाच्या नजरेला पडायचे ते शीर्षक, किंमत आणि संपादकांची नावे.

मग आक्षेप कशावर? विकिपीडियाचा लेख पडद्यावर असतो तेव्हा एकटा नसतो. मराठी विकिपीडियाचे कोणतेही पान उघडून पाहावे. वरच्या बाजूला ‘चर्चा’ आहे, ‘इतिहास पहा’ आहे. इतिहासात गेले की कोणत्या सदस्याने कोणत्या दिवशी किती वाजता काय बदलले, ते ओळीने दिसते. चर्चेच्या पानावर एखाद्या जन्मतारखेवरून किंवा गावाच्या नावावरून झालेला वाद वाचता येतो. लेखात एखादे विधान पुराव्याविना असेल तर कोणीतरी तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून ठेवलेली असते. खाली संदर्भांची यादी असते, त्यावर बोट ठेवले की मूळ बातमी किंवा ग्रंथ उघडतो. लेख कच्चा असेल तर तो कच्चा आहे हे वाचकाला कळते, आणि चूक दिसली तर ‘संपादन’वर जाऊन तो स्वतः ती सुधारू शकतो. विकिपीडियावर जो काही विश्वास टाकता येतो, तो या साऱ्या सामग्रीच्या जोरावर.

कागदावर यातले काहीच येत नाही. या पुस्तकांत दुव्यांच्या जागी बाणांच्या निरर्थक खुणा छापल्या गेल्या, परभाषेतली अक्षरे गळाली. पुणे किंवा पंढरपूर यांच्यावरच्या इंग्रजी लेखात तेव्हा सुरुवातीलाच कंसात देवनागरी नाव दिलेले असे. अशा छपाईत गळणार ते आधी तेच. आणि लेख कोणत्या तारखेला उचलला, ते सांगितले नाही तर वाचकाने तो कोणत्या दिवसाचा मानायचा? बदलत्या मजकुराचे एक चित्र पकडायचे आणि त्याला कायमच्या ग्रंथाचा दर्जा द्यायचा, हे वाचकाला फसवणेच आहे.

इतिहासाचे ते पान किती मोलाचे असते, हे ब्रिटिश कलावंत-लेखक जेम्स ब्रायडल यांनी २०१०मध्ये दाखवून दिले. त्यांनी विकिपीडियावरच्या इराक युद्धाच्या एकाच लेखात डिसेंबर २००४ ते नोव्हेंबर २००९ या काळात झालेले सगळे बदल छापून घेतले. सुमारे १२ हजार बदल, जवळजवळ सात हजार पाने आणि १२ जाडजूड खंड झाले. त्यात वाद आहेत, शिवीगाळ आहे, आकड्यांवरची ओढाताण आहे, पुसलेली आणि पुन्हा लिहिलेली वाक्ये आहेत. एक समाज चालू युद्धाबद्दल काय खरे मानावे यावर कसा भांडत होता, ते त्या खंडांतून कळते. विकिपीडियावरून केलेले पुस्तक म्हणून हे काम अस्सल आहे, कारण ब्रायडल यांनी एक प्रश्न मनाशी धरून मजकूर निवडला.

चुका कागदावर गेल्या की काय होते, याचेही उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी असतो. २००८मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर लिहिले, की या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असेही म्हणतात. असे कोणी म्हणत नव्हते. पुढच्या काही वर्षांत ते नाव ब्रिटिश वृत्तपत्रांत आले, एका नामांकित विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या पुस्तकातही आले. मग त्यातलीच एक बातमी विकिपीडियाच्या लेखात पुरावा म्हणून जोडली गेली. खोटी नोंद स्वतःचीच साक्ष घेऊन उभी राहिली. २०१४मध्ये त्या प्रकाराचा उलगडा झाला. विकिपीडियाचे लेख जसेच्या तसे छापणारी पुस्तके या चक्राला आणखी वेग देतात. छापील पुस्तक, त्याला आयएसबीएन क्रमांक, संपादकाचे नाव, एवढे दिसले की नवखा विद्यार्थी त्याचा संदर्भ देऊन मोकळा होतो. म्हणून तर या प्रकाशकांची पुस्तके संदर्भ म्हणून चालणार नाहीत, अशी ताकीद विकिपीडियाच्या संपादकांना आपसात द्यावी लागली.

नावाजलेले लेखकही या मोहातून सुटलेले नाहीत. ‘वायर्ड’ मासिकाचे तेव्हाचे संपादक क्रिस अँडरसन यांच्या २००९मधल्या ‘फ्री’ या पुस्तकात विकिपीडियातले उतारे श्रेयाविना आढळले. त्यांनी ती चूक मान्य केली. पुढच्याच वर्षी फ्रेंच कादंबरीकार मिशेल वेलबेक यांच्या कादंबरीत घरमाशीचे आणि बोवे शहराचे वर्णन फ्रेंच विकिपीडियावरून आल्याचे उघड झाले. त्याच कादंबरीला त्या वर्षीचा गोंकूर पुरस्कार मिळाला. पुढच्या आवृत्तीत विकिपीडियाचे आभार छापले गेले. दोन्ही ठिकाणी हरकत होती ती श्रेयाची, आणि ती दूर करायला एक ओळ पुरली असती.

नीट केलेले संकलन कसे असते, तेही जर्मनीतच पाहायला मिळाले. २००८मध्ये बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेने जर्मन विकिपीडियाचा एक खंडी कोश काढला. सुमारे हजार पाने, किंमत १९.९५ युरो. वाचक ज्या शब्दांचा सर्वाधिक शोध घेतात त्यावरून नोंदी निवडल्या, संपादकांनी त्या आटोपशीर केल्या, प्रत्येक प्रतीमागे एक युरो विकिमीडियाच्या जर्मन शाखेला दिला. शेवटी बारीक टाइपात सुमारे ९० हजार सदस्यांची नावे छापली. २०१५मध्ये अमेरिकेतले कलावंत मायकेल मँडिबर्ग यांनी अख्ख्या इंग्रजी विकिपीडियाची छापता येतील अशा खंडांत मांडणी केली. ७,४७३ खंड भरले. अनुक्रमणिकेचे ९१ खंड निराळे आणि लिहिणाऱ्या ७५ लाख सदस्यांच्या नावांचेच ३६ खंड. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष छापून ठेवले ते शंभराच्या थोडे वर. पण नावांसाठी ३६ खंड द्यावेत, असे त्या माणसाला वाटले, याबद्दल त्याला मानले पाहिजे.

श्रेयाची ही चाड मराठीला परकी नाही. १९१६मध्ये नागपुरात ज्ञानकोश मंडळ काढून डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये आला, विसावा २०१५मध्ये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी लावलेली शिस्त त्यात दिसते: नोंदीच्या शेवटी संदर्भ आणि लिहिणाऱ्याचे नाव. चूक निघाली तर विचारायचे कोणाला, ते वाचकाला ठाऊक असते. पंडित महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश अजूनही घराघरांतून जपला जातो, तो त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या वाचनामुळे.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी या पुस्तकांबाबत सावध असायला हवे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि अनुदान दर्जावर ठरते. दर्जाच्या निकषांत ग्रंथसंख्याही असते. शीर्षकांची संख्या वाढवण्याच्या घाईत काय आत येते, हे पाहणारा ग्रंथपाल हवा. तपासणी अवघड नाही. मधल्या पानावरचे एक लांब वाक्य मोबाइलवर शोधून पाहिले की ते कुठून आले, ते तत्काळ कळते. मुखपृष्ठावरचा संपादक आणखी कोणत्या विषयांवर पुस्तके काढतो, तेही पाहावे. एकच माणूस शेतीपासून खगोलापर्यंत शेकडो विषयांचा संपादक असेल, तर त्याने कशाचेच संपादन केलेले नाही. आता यंत्राने लिहिलेल्या मजकुराचीही पुस्तके येऊ लागली आहेत. ॲमेझॉनला २०२३मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तके चढवू नयेत, अशी मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन, हीसुद्धा मर्यादाच!

ऑनलाइन दुकानांनी मुक्त स्रोतांवरून केलेल्या पुस्तकाची तशी नोंद किमतीशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत दाखवावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी केली पाहिजे. पाकिटबंद बिस्किटावर घटक छापावे लागतात, पाचशे रुपयांच्या पुस्तकाला ती सक्ती का नसावी?

पण नुसता मज्जाव करून भागणार नाही. कारण चांगल्या संकलनाची मराठीला खरोखर गरज आहे. इंग्रजी विकिपीडियावरून शाळांसाठी साडेपाच हजारांच्या आसपास निवडक, तपासलेल्या लेखांचा संच ‘एसओएस चिल्ड्रन’ या संस्थेने केला होता, इंटरनेट नसलेल्या शाळांत तो वापरला गेला. मल्याळम विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांनी २०१०मध्ये ५०० निवडक लेखांची सीडी काढली. मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला, आज त्यावर नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. त्यातले पुष्कळसे दोन-चार ओळींचे आहेत, पण किल्ले, नद्या, पक्षी, संतसाहित्य, नाटककार अशा विषयांवर मनापासून लिहिलेले लेखही आहेत. ज्या गावात रेंज आली-गेली असते आणि वाचनालयात जुनी मासिके असतात, तिथल्या सातवी-आठवीच्या मुलांना सह्याद्रीतल्या पक्ष्यांवरचे दोनशे पानांचे नेटके पुस्तक मिळाले, तर ते हातोहात फिरेल.

त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. नाशिकचा, लातूरचा किंवा मडगावचा छोटा प्रकाशकही ते करू शकतो. पक्षीनिरीक्षण करणाऱ्या एखाद्या शिक्षकाला मानधन देऊन लेख वाचायला द्यावेत, ‘संदर्भ हवा’ची खूण असलेली वाक्ये एक तर पुराव्यानिशी पक्की करावीत किंवा गाळावीत. छायाचित्रांचे परवाने मजकुरापासून वेगळे असतात, ते एकेक करून पाहावेत. लेख कोणत्या तारखेचा आहे ते प्रत्येक लेखाखाली छापावे, सदस्यांची नावे शेवटी द्यावीत, मुखपृष्ठावर ‘मराठी विकिपीडियावरून’ असे ठळक लिहावे. आणि तपासताना सापडलेल्या चुका त्या शिक्षकाने विकिपीडियावरही दुरुस्त कराव्यात, म्हणजे पुस्तक न घेणाऱ्यालाही शुद्ध लेख वाचायला मिळेल.