प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे!

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमने आठ दिवसांच्या अंतराने दोन पराभव पाहिले. १४ तारखेला सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्याला बंद झाले. २२ तारखेला सौदी अरेबियाचा अल नासर संघ एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो येणार म्हणून केवढा गाजावाजा! रोनाल्डो आला नाही. गोवा १-२ असा हरला. पण गोव्याचा तो एकुलता एक गोल ब्रायसन फर्नांडिस नावाच्या याच मातीतल्या पोराने केला होता. आशिया खंडातल्या एका मातब्बर संघाच्या जाळ्यात आपल्या पोराने चेंडू मारावा आणि आपण मात्र न आलेल्या पाहुण्याची चर्चा करीत बसावे, ही आजच्या आपल्या फुटबॉलची खरी अवस्था आहे.

या अवस्थेचे खापर प्रेक्षकाच्या माथी फोडण्याची सध्या रीत पडली आहे. म्हणे, गोव्याचा माणूस पूर्वीसारखा मैदानावर येत नाही. म्हणे, पोरे इंग्लंडमधल्या क्लबांचे सदरे घालून फिरतात आणि गावातल्या संघाचे नावही त्यांना ठाऊक नसते. म्हणे, या प्रेक्षकाला फक्त कुरकुर करता येते. सुज्ञ वाचकहो, मला या कुरकुर करणाऱ्या माणसाच्या बाजूने चार शब्द बोलायचे आहेत. कारण ज्याला कुरकुर म्हणून हिणवले जाते ती वास्तविक तक्रार आहे, आणि ती न्याय्य आहे. ज्याचे घर त्याला न विचारता विकले गेले, त्याने नव्या मालकाच्या रंगकामाचे कौतुक का करावे?

हे घर कसे उभे राहिले ते आधी पाहू. १८८३ साली विल्यम लायन्स नावाच्या एका धर्मगुरूने शिवोलीत हा खेळ आणला, असे गोव्याचा क्रीडा-इतिहास सांगतो. पुढे तो कोणा धर्मगुरूचा राहिला नाही, कोणा साहेबाचाही राहिला नाही. पावसाळी भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात दोन बांबू रोवायचे आणि वाड्याविरुद्ध वाडा, गावाविरुद्ध गाव खेळायचे. या शेतांतून क्लबांना खेळाडू मिळाले आणि क्लबांतून राज्याला. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला. १९९८-९९ मध्ये साळगावकर संघ राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. मग धेंपोची घोडदौड सुरू झाली. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि तिचे पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले. धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक! जेमतेम दोन तालुक्यांएवढ्या पट्ट्यातले हे क्लब कोलकात्याच्या शतायुषी संघांना सहा वर्षे वाकवीत होते. धेंपोने २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. यात कोणत्या परक्या तज्ज्ञाची किमया नव्हती. धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो गोव्याचेच होते.

आणि मग काय झाले? २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. झगमगाट आला, सिनेनट आले, कारकीर्द संपवून बसलेले परदेशी तारे आले. सुरुवातीच्या हंगामांत एका वेळी मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरविण्याची मुभा होती. म्हणजे अकरांत आपले किती, हे पहिलीतल्या मुलालाही बोटांवर मोजता येईल! पण याहून गंभीर गोष्ट वेगळी होती. या नव्या स्पर्धेत जागा मिळत होती ती खेळून नव्हे, पैसे भरून. खाली कितीही जिंका, वर जाता येणार नाही. वर कितीही हरा, खाली यावे लागणार नाही. २०१६ मध्ये हीच स्पर्धा देशातली सर्वोच्च होणार आणि आय-लीग दुय्यम ठरणार असा आराखडा महासंघाने पुढे केला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने तर त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळविला होता. परीक्षेत पहिला आलेल्या विद्यार्थ्याला सांगावे की वरच्या वर्गात बाके फक्त देणगी देणाऱ्यांसाठी आहेत, तसला हा प्रकार! मैदानावर खेळून त्या वर्गात शिरण्याचे दार २०२३ मध्ये पंजाबच्या संघासाठी प्रथम उघडले. तोवर नऊ वर्षे लोटली होती. एका खेळाडूची सबंध कारकीर्द नऊ वर्षांत संपते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नव्या व्यवस्थेचे पुरस्कर्ते म्हणतात, खेळाडूच्या हाती पैसा आला, चांगले गवत आले, प्रकाशझोत आले, वैद्यक आले. हे खरे आहे. पूर्वी नोकरी सांभाळून खेळणाऱ्या पोरांना आज केवळ खेळावर घर चालविता येते, आणि त्याचा आनंद मला आहे. एफसी गोवा हा संघही काही टाकाऊ नाही. २०१९-२० मध्ये त्याने साखळीत पहिला क्रमांक पटकाविला, २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, २०२५ च्या मे महिन्यात त्याने सुपर कप जिंकला. या संघाचा द्वेष करावा असे मी कोणालाही सांगणार नाही.

पण एका संघाचे यश म्हणजे गावोगावच्या फुटबॉलचे यश नव्हे. जंगल तोडून एक उंच वृक्ष राखला आणि त्याच्याभोवती दिवे लावले, तर त्याला वनसंवर्धन म्हणत नाहीत. पूर्वी गोव्यात धेंपोविरुद्ध साळगावकर, चर्चिलविरुद्ध स्पोर्टिंग असे सामने राष्ट्रीय पातळीवर होत. एकाच कचेरीत, एकाच बसमध्ये, क्वचित एकाच घरात दोन तट पडत. सोमवारी सकाळी हरलेल्याने चहा पाजायचा हा अलिखित कायदा. शेजाऱ्याशी चुरस हेच तर या खेळाचे मीठ! आता साऱ्या गोव्याने एकाच संघामागे उभे राहावे अशी अपेक्षा आहे. सगळेच एका बाजूला असतील, तर चिडवायचे कोणाला?

दूरचित्रवाणीचा पैसा शेजार कसा मोडतो हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहा. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल हा लोकांचा जीव की प्राण. त्यांचा फुटबॉल निराळा, चेंडू लांबट आणि हाताने खेळायचा. पण मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे बसतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची १९१५ पासूनची एक संघटना होती. २०२४ मध्ये तिच्या बारांपैकी दहा विद्यापीठांनी मोठ्या प्रक्षेपण-उत्पन्नाच्या ओढीने तिला रामराम ठोकला. मागे उरली दोन. कॅलिफोर्नियाच्या मुलांना आता देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत साखळी सामन्यांसाठी विमानाने जावे लागते. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना उघडपणे पैसेही देऊ लागली. ते न्याय्यच झाले, कारण इतकी वर्षे त्यांच्या घामावर इतरांचे इमले उठले होते. पण खेळाडूला हक्क मिळाला, विद्यापीठाला पैसा मिळाला, वाहिनीला कार्यक्रम मिळाला. तीन पिढ्या त्याच बाकावर बसून त्याच संघासाठी घसा फोडणाऱ्या माणसाला काय मिळाले? त्याला विचारलेदेखील नाही. त्याचे दुःख आणि आपल्या मडगाव-वास्कोच्या माणसाचे दुःख यांची जात एकच आहे.

बरे, इतके करून व्यवस्था तरी भक्कम झाली काय? २०२४-२५ च्या आय-लीगचे जेतेपद पाहा. महासंघाने एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित केले आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने ते जेतेपद इंटर काशीला दिले. न्याय कोणाच्या बाजूने होता हा प्रश्न सोडून द्या. पण ज्या देशात लीग कोणी जिंकली हे कळायला वकील लागतात, तिथे प्रेक्षकाने मैदानाकडे कशासाठी डोळे लावायचे? आणि ती झगमगती सुपर लीग? २०१० मध्ये महासंघाने पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क दिले. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या निविदा मागविल्या, तर एकही बोली आली नाही. नेहमी सप्टेंबरच्या आगेमागे सुरू होणारा हंगाम कधी होणार हे सांगायला जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना पुढे यावे लागले. लोकांकडून काढून घेतलेला खेळ बाजाराच्या स्वाधीन केला, आणि बाजाराने तो फिरवून पाहून परत फळीवर ठेवला. तेलही गेले, तूपही गेले!

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपले जुने क्लबही लोकांचे होते ते फक्त मनाने. कागदावर ते खाणमालक आणि व्यापारी घराण्यांचे होते. त्या घराण्यांनी खेळाला दिले ते उदार हाताने दिले, त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण आश्रयदाता निघून गेला की आश्रित उघडा पडतो. २०१६ मध्ये तिन्ही क्लब बाहेर पडले तेव्हा हजारो समर्थकांना त्या निर्णयात एक मतही नव्हते. उलट कोल्हापूरकडे पाहा. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आहेत. ना परदेशी तारे, ना सिनेनट. तरी शाहू स्टेडियमवर महत्त्वाच्या सामन्याला गर्दी मावत नाही. तेथे हुल्लडबाजीही होते, तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु संघ पेठेचा असेल तर त्याला कोणी उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही, हा धडा मोलाचा आहे.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या मराठी घरांना हा विषय परका वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट. 'फुटबॉल त्यांचा, क्रिकेट आपले' असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हे 'त्यांचा-आपले' कोठून आले? भारताचे आणि गोव्याचे नेतृत्व केलेले, २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर कोणाचे? धेंपोच्या बचावफळीतले महेश गवळी आणि समीर नाईक कोणाचे? त्यांच्याच खांद्याला खांदा लावून क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा खेळत होते, आणि गोल झाला की कोकणी कोणती व मराठी कोणती हे त्या आरोळीत ओळखू येत नसे. भाषेच्या वादात एकमेकांकडे पाठ फिरविणारी माणसे ज्या थोड्या जागी शेजारीशेजारी बसत, त्यांपैकी फुटबॉलचे मैदान ही एक होती. सीमाभागातल्या माणसाला अशा जागेची किंमत वेगळी सांगायला नको. ती जागा गेली, तर नुकसान केवळ खेळाचे होणार नाही.

तेव्हा करायचे काय? शाळेत आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून सुरुवात शाळेपासूनच सांगतो. शाळेचे मैदान संध्याकाळी कुलूपबंद ठेवू नका. शिकवणीच्या वर्गांना संध्याकाळचे सहा दिवस दिलेत, तर एक दिवस चेंडूलाही द्या. दहावीचे वर्ष आले की मुलाचे बूट माळ्यावर टाकणाऱ्या पालकांनी भारतीय फुटबॉलच्या अधोगतीवर भाषणे देऊ नयेत. महासंघाकडे आणि सरकारकडे मागायचे ते असे: सर्व श्रेणींमध्ये बढती आणि पदावनती केवळ मैदानावरच्या गुणांवर ठरावी. प्रत्येक राष्ट्रीय संघात स्थानिक अकादमीत घडलेल्या खेळाडूंची ठरावीक संख्या सक्तीची असावी. आणि क्लबच्या कारभारात समर्थक सभासदांना मत असावे. जर्मनीत काही अपवाद सोडता क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांवर सभासदांचा ताबा असतो, आणि तिथला फुटबॉल त्यामुळे बुडालेला नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. मग २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतलेल्या धेंपोकडे पाहा. झगमगाट नाही, जाहिराती नाहीत. पण जुने समर्थक त्याला विसरलेले नाहीत. निष्ठा ही अशी चिवट असते. तिच्यावर कर बसविता येतो, तिची टर उडविता येते, पण तिची निविदा काढता येत नाही. गिऱ्हाईक दुकान आवडले नाही तर समोरच्या दुकानात जाते. प्रेक्षक जात नाही. तो हरणाऱ्या संघाबरोबर पावसात उभा राहतो, आणि म्हणूनच त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे. तो हक्क त्याने मागून घेऊ नये, वापरावा.